बाहेरचा शब्द न घेता

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, या सभागृहाचे मालक आणि निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय वामनरावजी. व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुण्या, माजी मेट्रन प्रयागबाई. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या जर्मनच्या शिक्षिका हर्षा मॅडम. जर्मनीला निघालेल्या आमच्या नर्स मुली, बुटीबोरीहून शिफ्ट बदलून आलेली कारखान्यातली मंडळी, आणि मागच्या रांगेत तर्री-पोह्यांच्या पातेल्यावर नजर ठेवून बसलेले माझे सर्व बंधू-भगिनी, तुम्हा सगळ्यांना सिंधूताई गावंडेचा सप्रेम नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. आठवणीनं मला सांगितलं, अशी माझी समजूत होती. आत्ता दारात कळलं की आधी तिघांना विचारून झालं होतं आणि तिघांनाही अचानक सर्दी झाली. असो. अध्यक्षांच्या समोर शाळेतली ती पितळी घंटी ठेवलेली आहे. बोलणं लांबलं की ती वाजणार, असं मला बजावण्यात आलं आहे. वामनरावजी, मी वधू-वर सूचक केंद्र चालवते. समोरच्याला बोलू न देणं हाच माझा व्यवसाय आहे. तेव्हा ती घंटी आज जरा पलीकडे सरकवा. अजून थोडी. हां, आता बरं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सक्करदऱ्याच्या या हॉलमध्ये सकाळी माझं केंद्र भरतं आणि संध्याकाळी हर्षा मॅडमचा जर्मनचा वर्ग. कोपऱ्यात ते लोखंडी कपाट दिसतं ना, त्याच्या आड माझं टेबल आहे. संध्याकाळी मी तिथं बसून मुलांच्या आईबापांना फोन करते. म्हणजे फोन कानाला असतो, कान मात्र वर्गात असतो. अशी मी परीक्षेला न बसता जर्मन शिकले. सगळी नाही हो. त्यांच्या व्याकरणाशी माझं पटलं नाही. त्या भाषेत टेबल पुरुष, खुर्चीही पुरुष. माझ्याकडे आधीच मुलं जास्त आणि मुली कमी, त्यात ही भर कशाला? मी शिकले ते फक्त माणसाचं वर्णन करायचे शब्द. ते माझ्या धंद्यातले.

मॅडमची शिकवायची एक रीत आहे. फळ्याच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे लिहायचं 'ऑयसरलिश', म्हणजे बाहेरचं. उजवीकडे 'इनरलिश', म्हणजे आतलं. बाहेरच्या बाजूला काय काय? 'ग्रोस' म्हणजे उंच, 'क्लाइन' म्हणजे बुटका, 'श्लांक' म्हणजे सडपातळ, 'ह्युब्श' म्हणजे देखणी. आमच्या मंडळींनी हे सगळे शब्द एका संध्याकाळी गिळले. का नाही गिळणार? आपण नागपूरची माणसं. रस्त्यात कोणी भेटलं की आपलं पहिलं वाक्य काय असतं? 'काहून वं, लय वाळली!' नाहीतर 'काहून गा, पोट सुटलं तुयं!' ज्याचं पोट सुटलेलं असतं त्यालाही त्यात प्रेमच दिसतं. डावीकडच्या बाजूत आपण जन्मतःच पास आहोत.

खरी पंचाईत उजवीकडे. 'एअरलिश' म्हणजे प्रामाणिक, 'गेडुल्डिश' म्हणजे धीराचा, 'श्युश्टर्न' म्हणजे लाजरा, 'श्टूर' म्हणजे हट्टी. आणि भरवशाच्या माणसाला म्हणायचं 'त्सुफरलेसिश'. या एका शब्दापायी बुटीबोरीच्या दोन मुलांनी तंबाखूचा खर्रा सोडला, कारण तोंडात खर्रा असताना तो शब्द बाहेर निघत नाही. माझ्याकडच्या मुलांच्या माहितीत सगळेच 'निर्व्यसनी' असतात. खर्ऱ्याला आपल्याकडे व्यसन कोण म्हणतं? पण जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते जर्मन भाषेनं करून दाखवलं. टाळ्या वाजवायला हरकत नाही.

फळा रात्री कोणी पुसत नसे. सकाळी माझ्याकडे येणारी पाहुणे मंडळी तो वाचत बसायची. मला त्याचा फार उपयोग झाला. 'श्पारझाम' म्हणजे काटकसरी आणि 'गायत्सिश' म्हणजे कंजूष. माणूस तोच असतो. मुलाकडचे एक शब्द वापरतात आणि मुलीकडचे दुसरा. मौद्याचे एक चंपतराव मुलासाठी मुलगी पाहायला आले होते. बसल्या बसल्या त्यांनी चौकशी केली की मुलीकडचे पाहुण्यांना जेवण देतील की नुसत्या चहावर निभावतील. मी फोन उचलला आणि मॅडमना म्हटलं, "घर एकदम गायत्सिश आहे." चंपतराव खूश! घरी जाताना बायकोला म्हणाले, "ताईनं फोनवर आपलं कौतुक केलं." काल त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांनी मला पेढे पाठवले. अर्धाच पेढा होता, पण पाठवला.

वामनरावजी, तुम्ही घड्याळाकडे पाहून राहिले. मुद्द्यावर येते.

मुद्दा हा की हर्षा मॅडम रविवारी जर्मनीला निघणार आहेत. तिथं नव्यानं आलेल्या नर्सना भाषा शिकवणार. आपल्या मुलींना तिकडे उतरल्यावर एक ओळखीचा आवाज भेटेल. मॅडमच्या ज्ञानाबद्दल, चिकाटीबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी त्यांच्याबद्दल असं काही सांगणार आहे जे कोणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना ते समोर दिसतं. मॅडम उंच आहेत.

हसा, हसा. मला ठाऊक आहे, हा डावीकडचा शब्द आहे. पण व्यासपीठावर बसल्यावरही ज्यांच्या डोक्याला मागचा फलक लागतो, त्यांच्याबद्दल मी आणखी काय म्हणू? इथली ट्यूबलाइट त्या स्टूल न घेता बदलतात. माझे चहा-साखरेचे डबे या माळ्यावर असतात. वर्ग ऐन रंगात असताना मी कपाटाआडून ओरडायची, "हर्षा, साखरेचा डबा दे वं!" मॅडम वर्ग थांबवून यायच्या, हात वर करायच्या, डबा माझ्या हातात. एकदाही कपाळाला आठी नाही.

आता अशी मुलगी रोज डोळ्यांसमोर, आणि मी लग्नं जुळवणारी बाई. स्वस्थ बसेन का? मी लागले स्थळं शोधायला. आणि मी काय शोधलं? उंच मुलगा! नऊ वर्षं मी या विदर्भातले उंच मुलगे पालथे घातले. एक मिळाला. याच हॉलमध्ये दोघांना समोरासमोर बसवलं. मुलगा म्हणाला, "तुम्ही उंच आहात." मॅडम म्हणाल्या, "हो." दोघांनी पोह्यांकडे पाहिलं. मग मॅडम म्हणाल्या, "तुम्हीही." मुलगा म्हणाला, "हो." संपलं. पोहे तेवढे दोघांनी खाल्ले.

त्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, आणि हे वाक्य सगळ्यांनी नीट ऐका, "ताई, आता मला स्थळ सांगू नका. ज्या दिवशी तुम्ही एखाद्या मुलाबद्दल बाहेरचा एकही शब्द न घेता सांगाल, त्या दिवशी मी ऐकेन." मी म्हटलं, त्यात काय मोठं? आत्ता सांगते. आणि तोंड उघडलं. रंग, उंची, पगार, बेसा भागात प्लॉट, दारात गाडी, जिभेवर आलं ते सगळं बाहेरचं. मी तोंड मिटलं. इतक्या वर्षांत माझं तोंड आपणहून मिटल्याचा तो पहिलाच प्रसंग.

आता थोडं घरचं सांगते. माझा मुलगा ऋषिकेश. तो काय, मागे माइकच्या मशीनपाशी उभा आहे. माझ्याकडे बघू नको, आवाज नीट ठेव. ऋषिकेश बुटीबोरीच्या कापड कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. यंत्रं जर्मनीची, म्हणून जर्मन शिकायला याच वर्गात बसला. साऱ्या गावाची लग्नं जुळवणाऱ्या बाईचा मुलगा छत्तीस वर्षांचा आणि बिनलग्नाचा. बायका मला मंगल कार्यालयात विचारतात, "सिंधूताई, घरचं कधी?" तेव्हा अक्षता हातातच राहतात हो. मी त्याला किती मुली दाखवल्या! प्रत्येकीला तो 'छान आहे' म्हणाला आणि कारखान्यात निघून गेला.

मॅडमच्या वर्गात एक खेळ असतो. वर्गातल्या एका माणसाचं वर्णन करायचं, बाहेरचा शब्द न घेता. बाकीच्यांनी ओळखायचं. ओळख पटली की ज्याचं वर्णन झालं त्यानं उभं राहायचं. या खेळात मुली रडल्याचं मी पाहिलं आहे. आपल्या दीप्तीला लहानपणापासून सगळे 'काळी' म्हणायचे. वर्गात कोणी म्हणालं, 'तिच्या हातची सुई दुखत नाही, कारण टोचताना ती बोलत राहते,' आणि सगळ्यांनी एकदम दीप्तीचं नाव घेतलं. ती उभी राहिली आणि ढसाढसा रडली. मीही कपाटाआड डोळे पुसले. फोनवर एका मुलाचे वडील होते, त्यांना वाटलं स्थळ मोडलं.

मग एका संध्याकाळी ऋषिकेशची पाळी आली. घरात 'जेवायला वाढ' यापलीकडे न बोलणारा माझा मुलगा, त्या दिवशी थांबता थांबेना. म्हणाला, ती धीराची आहे. हट्टी आहे. स्वतःच्या चुकीला आधी स्वतः हसते. शेवटच्या माणसाला कळेपर्यंत पुढे जात नाही. आणि म्हणाला, दुसऱ्याच्या आईची कटकट ती रोज हसून सहन करते. मी कपाटाआड मनाशी म्हटलं, अरे देवा, बिचारी पोरगी! कोणाची असेल ती कजाग आई?

कोणीच उभं राहिलं नाही. मॅडमचा आवाज आला, "वाक्यं बरोबर आहेत. पुढचा." मला वाटलं, ती मुलगी त्या दिवशी गैरहजर असेल. शिकवणारी बाईही वर्गातच असते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या मुलाच्या मनात कोणीतरी आहे! दुसऱ्या दिवसापासून मी शोध सुरू केला. पहिल्यांदा दीप्तीला गाठलं. म्हटलं, "पोरी, ऋषिकेशनं जिचं सांगितलं ती कोण वं? रंग कसा आहे? उंची किती?" ती ओढणी तोंडात घालून हसत सुटली. म्हणाली, "काकू, बाकी काहीपण विचारा, उंची नका विचारू." मी म्हटलं, बुटकी आहे वाटतं. काही हरकत नाही, आपलाही मुलगा काही ताडमाड नाही. मग मी वामनरावजींकडे गेले. यांना सगळं माहीत होतं. हो की नाही, अध्यक्ष महोदय? हे म्हणाले, "ताई, मुलगी याच हॉलमध्ये येते." एवढं बोलून हे घंटी पुसायला लागले! मग मी वर्गातल्या साऱ्या बुटक्या मुलींची चौकशी केली. त्यातल्या दोघींची लग्नं त्या नादात जुळवून टाकली. पण ती मुलगी काही सापडेना.

आणि मग एक दिवस चहाला साखर नव्हती. वर्ग सुरू होता. मी नेहमीसारखी कपाटाआडून ओरडले, "हर्षा, साखरेचा डबा दे वं!" नेहमी काय होतं? मॅडम येतात, डबा देतात. त्या दिवशी मात्र वर्ग खो-खो हसायला लागला. मी कपाटाबाहेर डोकं काढलं. मॅडम हसत हसत माझ्याकडेच येत होत्या, आणि माझा मुलगा मान खाली घालून पेनाचं टोपण चावत होता. कान लाल. मॅडमनी हात वर केला, डबा काढला, माझ्या हातात दिला. आणि तेव्हा, श्रोतेहो, माझ्या लक्षात आलं की ती कजाग आई कोण आहे.

डबा हातातून सुटला. अजूनही तुम्हाला त्या कोपऱ्यात मुंग्या दिसतील.

घरी गेल्यावर मी मुलाला विचारलं, "काहून नाही बोलला रे मले? मी काही नाही म्हणणार होती?" तो म्हणाला, "आई, तू पहिले उंचीच विचारली असती." मी म्हटलं, "मंग तिले काहून नाही बोलला?" तर म्हणाला, "बोललो ना. साऱ्या वर्गासमोर बोललो. ती उठली नाही."

मला लागलं हो ते. फार लागलं. साऱ्या जगाच्या मुलींची माहिती मला पाठ, आणि माझ्या घरातला मुलगा सांगायला घाबरतो ते माझ्याच प्रश्नाला! दोन दिवस मी कोणाची उंची विचारली नाही. केंद्र ओस पडलं.

मॅडम, तुम्ही का उठला नाहीत ते मी विचारणार नाही. शिकवणाऱ्या बाईनं विद्यार्थ्याच्या वाक्याला उभं राहावं का, याचा तुम्हाला पेच पडला असेल. किंवा दोघं शेजारी उभे राहिलात की लोक फोटो काढतील आणि हसतील, असं वाटलं असेल. किंवा नुसतंच मनात नसेल. तो तुमचा हक्क आहे. पण मधल्या काळात तो वर्ग संपला, परीक्षा झाली, ऋषिकेश पास झाला, आता तो तुमचा विद्यार्थी नाही. आणि तुमचं विमान रविवारी आहे. तेव्हा मी आज, निरोपाच्या भाषणात, तुमच्यासाठी एक स्थळ आणलं आहे.

ऋषिकेश, मशीन बंद केलं तरी माझा आवाज मागपर्यंत जातो. चालू ठेव.

मॅडम, तुमची अट माझ्या लक्षात आहे. बाहेरचा शब्द नाही. आठ दिवस सराव केला आहे, आरशासमोर नाही, आरसाही बाहेरचाच. तर ऐका. 'एअर इस्ट श्युश्टर्न.' तो लाजरा आहे. 'एअर इस्ट एअरलिश.' तो प्रामाणिक आहे. 'एअर इस्ट श्टूर.' हट्टी आहे, बंद पडलेलं यंत्र सुरू झाल्याशिवाय घरी येत नाही. आणि तो, थांबा, पाणी पिते... त्सु-फर-ले-सिश. आला! आला बाप्पा एकदाचा!

इथून पुढचं मला जर्मनमध्ये येत नाही. त्याचे वडील शेवटी अंथरुणावर होते. पार ओळखू न येण्याइतके खंगले होते. हा रोज कामावर जायच्या आधी त्यांची दाढी करून द्यायचा. ते आरसा मागायचे. हा आरसा द्यायचा नाही. त्यांच्या गालावर हात फिरवून म्हणायचा, "मीच पाहून सांगतो ना बाबा. मस्त दिसून राहिले तुम्ही." आणि त्यांना ते पटायचं. माणूस शेवटपर्यंत हसतमुख गेला. मी हे आजवर कोणत्याच मुलीकडच्यांना सांगितलं नव्हतं. कारण माझ्या पद्धतीत हे सांगायची जागाच नव्हती.

झालं माझं वर्णन. ओळखलं का कोणी? ओरडू नका, सगळ्यांनी ओळखलं ते दिसतंय. नियम हर्षा मॅडमचा आहे. ओळख पटली की ज्याचं वर्णन झालं त्यानं उभं राहायचं. म्हणजे तो उभाच आहे म्हणा, मशीनपाशी. मग नियमाप्रमाणे पुढे ये. ये गा. लाजू नको. शाबास.

आता मॅडम. मागच्या खेळातलं एक वर्णन तसंच राहिलं आहे. त्याची ओळख साऱ्या वर्गाला पटली होती, एकट्या मला पटायला वेळ लागला. मी तुम्हाला 'थांबा' म्हणणार नाही. रविवारी तुम्ही जायलाच हवं, तिकडच्या मुली वाट पाहून राहिल्या आहेत. तुम्ही इकडे याल, की हा पाना-पकड घेऊन तिकडे येईल, ते तुमचं तुम्ही पाहा. बसून राहिलात तरी आपला चहा आणि माया तशीच राहील, आणि याला मी सांभाळेन. मी फक्त एवढंच...

अगं बाई.

उठल्या.

मॅडम, काय म्हणालात? माइक नाही तुमच्यासमोर. काय? "ताई, बाहेरचा एकही शब्द आला नाही." हाव वं पोरी! जीव गेला माझा!

थांबा, आता टाळ्या नको, मला पाहू द्या. ऋषिकेश, खाली काहून उभा? वर जा तिच्या शेजारी. हां. इथून मला दोघंही नीट दिसतात. काय दिसतं, ते मी सांगणार नाही. प्रयागबाई, तुम्हीही सांगू नका. दीप्ती, फोटो काढ, पण मोजत बसू नको. पाहणाऱ्यांनी पाहावं आणि गप्प बसावं.

वेळ संपली आहे, हे मला कळतं. हा हॉल दिल्याबद्दल आणि सगळं ठाऊक असून इतके दिवस पोटात ठेवल्याबद्दल वामनरावजींचे आभार. माझ्या कपाटाआडच्या कानांना कधीही हाकलून न दिल्याबद्दल सगळ्या वर्गाचे आभार. माझ्या जर्मन उच्चारांनी त्या भाषेला काही इजा झाली असेल, चंपतरावांच्या पेढ्यावर जास्त बोलले असेन, निरोपाच्या कार्यक्रमाचं भलतंच काही करून बसले असेन, तर घरची बाई समजून पदरात घ्या. तर्री-पोहे गरम आहेत. चहात साखर बेताची आहे, डबा माळ्यावर ठेवला आहे. तो काढायला आज मी कोणाला हाक मारणार नाही, स्टूल आणते.

आणि वामनरावजी, आता वाजवा ती घंटी.